मिठाचा हिशेब : संगणकातील हिंदी महासागराचा इतिहास

बंगळूरच्या पूर्व भागातील के. आर. पुरम समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. रेल्वे स्थानक, तारांनी तोललेला पूल आणि त्यावरील वाहनांची रांग ही या उपनगराची रोजची ओळख. समुद्राशी त्याचे काही नाते असेल असे कुणाच्या मनात येत नाही. परंतु येथे पडलेल्या पावसाची वाट अखेर समुद्रालाच मिळते. येले मल्लप्पा शेट्टी तलावासारख्या तळ्यांतून हे पाणी दक्षिण पिनाकिनी नदीत उतरते आणि ही नदी तमिळनाडूत कडलूरच्या परिसरात बंगालच्या उपसागराला मिळते. शहराच्या पश्चिमेकडील पाणी कावेरीच्या वाटेने त्याच उपसागरात जाते. नाशिक आणि सांगलीचे पाणीदेखील गोदावरी आणि कृष्णा तिकडेच नेतात. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून तर वर्षाला हजार घन किलोमीटरहून अधिक गोडे पाणी या उपसागरात ओततात.

एवढे गोडे पाणी खाऱ्या समुद्रात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर साधा आहे. तरीही समुद्राची संगणकीय प्रारूपे, म्हणजे ज्यांना सर्वसाधारणपणे मॉडेल म्हटले जाते ती, हिंदी महासागराचे प्रवाह दाखवू लागली त्यानंतरही बरीच वर्षे या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या गणिताने देत नव्हती. समुद्राचे पाणी वाहते कसे हे त्यांना लवकर साधले. ते पाणी घडते कसे, म्हणजे एखादा थर खारा, दुसरा गोडसर, एक गार आणि दुसरा उबदार का होतो, हे साधण्यास फार वेळ लागला. या विलंबाच्या आणि तो भरून काढण्याच्या इतिहासात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा आणि समुद्रापासून दूर असलेल्या बंगळूर शहराचा मोठा वाटा आहे.

समुद्रविज्ञानात ‘जलराशी’ ही एक मूलभूत कल्पना आहे. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाणी सूर्याने तापते, वाऱ्याने गार होते, बाष्पीभवनाने खारट होते आणि पावसाने किंवा नद्यांनी गोडसर होते. एकदा ते पृष्ठभाग सोडून खाली गेले की त्याला उष्णता देणारे किंवा पाणी काढून घेणारे कोणी उरत नाही. मग शेजारच्या पाण्यात मिसळेपर्यंत ते आपले तापमान आणि आपली क्षारता जपून ठेवते. माणसाच्या बोलीवरून त्याचे मूळ गाव ओळखावे, तसे खोल पाण्याच्या या दोन गुणांवरून त्याचे जन्मस्थान सांगता येते. नॉर्वेचे समुद्रशास्त्रज्ञ ब्योर्न हेलँड-हान्सेन यांनी १९१६ मध्ये तापमान आणि क्षारता एकाच आलेखावर मांडण्याची पद्धत सुचवली आणि तेव्हापासून जलराशींची ओळख पटवण्याचे तेच मुख्य साधन ठरले.

उत्तर हिंदी महासागरात या दृष्टीने विलक्षण विविधता आहे. उत्तरेकडून जमिनीने वेढलेल्या या समुद्राचे दोन भाग भारतीय द्वीपकल्पाने केले आहेत. अरबी समुद्रात पाऊस आणि नद्यांपेक्षा बाष्पीभवन अधिक, तर बंगालच्या उपसागरात नेमके उलट. साधारण समुद्रजलात दर किलोग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उत्तर अरबी समुद्रात हा आकडा ३६ च्या पुढे जातो. उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यात आणि त्यानंतर तो ३० च्याही खाली येतो. अरबी समुद्राच्या पोटात तीन खाऱ्या जलराशी एकीखाली एक पसरलेल्या आढळतात. वरची उत्तर अरबी समुद्रातच जन्मते. साधारण २०० ते ३५० मीटर खोलीवरची इराणच्या आखातातून येते आणि त्याहून खोल, ५०० ते ८०० मीटरच्या दरम्यानची, तांबड्या समुद्रातून येते. १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात हे चित्र स्पष्ट होऊ लागले. ऑस्ट्रेलियाच्या डी. जे. रॉचफर्ड यांनी १९६४ मध्ये या खाऱ्या थरांची पद्धतशीर मांडणी केली. त्याच मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली.

मोहिमेची जहाजे पाण्याचे नमुने गोळा करीत होती, त्याच सुमारास अमेरिकेत समुद्राला संगणकात बसवण्याचा प्रयत्न सुरू होता. कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये जागतिक महासागराचे अभिसरण संगणकाने सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. आजची अनेक सागरी प्रारूपे त्या रीतीच्या वंशातली आहेत. तिचे तत्त्व एखाद्या काटेकोर हिशेबनिसाच्या कामासारखे आहे. समुद्र असंख्य पेट्यांमध्ये विभागायचा. प्रत्येक पेटीचे तापमान, क्षारता आणि पाण्याचा वेग नोंदवायचा. त्यानंतर काळाच्या प्रत्येक लहान टप्प्याला शेजारच्या पेट्यांतून किती पाणी, किती उष्णता आणि किती मीठ आले व गेले याची जमा-खर्चाची वही मांडायची. तापमान आणि क्षारता मिळून पाण्याची घनता ठरते. घनतेतील फरकांमुळे दाबात फरक पडतो, दाबामुळे आणि वाऱ्यामुळे प्रवाह निर्माण होतात, पृथ्वीच्या परिवलनाने ते वळतात आणि हेच प्रवाह पुन्हा उष्णता व मीठ वाहून नेतात. हे चक्र लाखो वेळा फिरवले की संगणकात एक समुद्र उभा राहतो.

ब्रायन यांचे सहकारी मायकेल कॉक्स यांनी १९७० मध्ये ही रीत हिंदी महासागराला लावली. मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलणारा सोमाली प्रवाह हे या महासागराचे सर्वांत मोठे कोडे होते. आदल्याच वर्षी ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी दाखवले होते की, मोसमी वारे सुरू झाल्यावर विषुववृत्ताजवळून पश्चिमेकडे धावणाऱ्या सागरी लहरी सोमालियाच्या किनाऱ्यावर काही आठवड्यांतच जोरदार प्रवाह उभा करू शकतात. कॉक्स यांच्या संगणकातही वारे बदलले की सोमाली प्रवाह बदलला. वाऱ्याची माहिती दिली तर समुद्र योग्य दिशेने वाहतो, हे सिद्ध झाले.

या यशात पुढील अडचणीचे बीज होते. उष्ण कटिबंधात वरचे प्रवाह वाऱ्याला आठवड्यांत किंवा महिन्यांत प्रतिसाद देतात, म्हणून संगणकावर थोडी वर्षे चालवलेले प्रारूपही प्रवाहांचे बरे चित्र देते. जलराशींचे तसे नाही. त्यांची घडण पृष्ठभागावरील बारीकसारीक देवघेवीवर अवलंबून असते आणि समुद्राच्या पोटातील त्यांचा पसारा तयार होण्यास वर्षे, दशके आणि खोल पाण्यासाठी शतके लागतात. त्या काळातील संगणकांना एवढा प्रवास परवडत नव्हता. प्रत्येक चौकट एक अंशाची, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर बाजूची धरली, तर तांबड्या समुद्राचे दार असलेली बाब-अल-मंदेबची सुमारे ३० किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी त्या जाळीत दिसतच नाही. दार नसेल तर त्यातून येणारी जलराशी तरी कोठून येणार?

समुद्राच्या पाण्याच्या घडणीचा भारताशी असलेला जिव्हाळ्याचा संबंध बंगळूरमध्ये स्पष्ट झाला. पुण्यात १९४४ साली जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हार्वर्ड विद्यापीठात अॅलन रॉबिन्सन यांच्याबरोबर गल्फ स्ट्रीम या अटलांटिक प्रवाहाच्या नागमोडी वळणांचे गणित केले होते. मायदेशी परतल्यावर काही काळ पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत काम करून १९७३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या. मोसमी पावसाचे गणित हा त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. १९८२ मध्ये त्या संस्थेत वातावरणविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले आणि पुढे त्याच्या नावात महासागरही सामील झाला.

पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह गाडगीळ यांनी १९८४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा पण दूरगामी निष्कर्ष मांडला. हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर तेथे पावसाचे मोठे मेघसमूह क्वचितच उभे राहतात. ते तापमान ओलांडले की अशा मेघांची शक्यता झपाट्याने वाढते. समुद्र उबदार असला म्हणजे ढग येतीलच असे नाही, परंतु उंबरठा ओलांडल्याशिवाय ते सहसा येत नाहीत. या निष्कर्षाने सागरी प्रारूपांची कसोटी एकदम कठोर केली. संगणकातील समुद्र २८.५ ऐवजी २७.५ अंश दाखवू लागला, तर चूक एका अंशाचीच असते, पण पावसाचे गणित मात्र उंबरठ्याच्या पलीकडून अलीकडे येते. आता प्रवाहांची दिशा बरोबर असणे पुरेसे नव्हते. उष्णता वरच्या थरात किती टिकते हे बरोबर यायला हवे होते, आणि बंगालच्या उपसागरात ते मिठावर अवलंबून होते.

पण मिठापर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रवाहांचा पाया भक्कम व्हावा लागला. गोव्यात सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरील पाण्याची जहाजावरून मोजणी केली. पश्चिम किनाऱ्याजवळ हिवाळ्यात प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागरातून आलेले कमी खारट पाणी आपल्यासोबत आणतो, असे त्यांच्या निरीक्षणांत दिसले. स्थानिक वारा ज्याचे स्पष्टीकरण देत नाही, त्याचे कारण दूर कोठेतरी असले पाहिजे. १९९६ मध्ये शेट्ये आणि डी. शंकर यांनी ज्युलियन मॅक्रिअरी आणि वेइचिंग हान यांच्यासह पूर्व किनाऱ्याच्या प्रवाहाचे गणित दोन भागांत प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पी. एन. विनयचंद्रन, शेट्ये, देबाशिष सेनगुप्ता आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपसागरातील अभिसरणाची कारणे ‘करंट सायन्स’ मध्ये मांडली. गोवा आणि बंगळूर यांचा हा एकत्रित प्रयत्न होता. या कामांचा निष्कर्ष असा की, आंध्र किंवा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा प्रवाह तेथल्या वाऱ्याने, उपसागराच्या मध्यभागातील वाऱ्याने आणि थेट विषुववृत्तावरून किनाऱ्याकिनाऱ्याने आलेल्या लहरींनी मिळून घडतो. हे घटक प्रत्यक्ष समुद्रात वेगळे करता येत नाहीत. प्रारूपात मात्र एक वारा बंद करून दुसरा चालू ठेवता येतो. प्रारूपाचा खरा उपयोग येथे दिसतो.

मिठाचा हिशेब मात्र अजून उधारीवर चालला होता. नद्यांचा विसर्ग आणि समुद्रावरील पाऊस यांची विश्वसनीय आकडेवारी तुटपुंजी असल्यामुळे अनेक प्रारूपांत एक सोयीचा मार्ग घेतला जाई. सिडनी लेव्हिटस यांच्या १९८२ च्या नकाशासंग्रहासारख्या संग्रहात त्या महिन्याची जी सरासरी क्षारता दिली असेल, तिच्याकडे संगणकातील पृष्ठभागाची क्षारता सतत खेचून आणायची. परीक्षेत उत्तरपत्रिकेच्या शेजारी उत्तरांची यादी ठेवण्यासारखाच हा प्रकार होता. त्यामुळे उपसागर गोडसर दिसे, पण तो गंगेने गोडसर केलेला नसे. एखाद्या वर्षी पूर अधिक आला किंवा पाऊस कमी पडला, तरी संगणकातील समुद्राला त्याची खबर नसे. जलराशी घडवण्याचे काम प्रारूपाकडून काढून घेतल्यामुळे त्यातील चुकाही झाकल्या जात.

अरबी समुद्रात याच काळात निसर्गाने एक स्वच्छ प्रयोग करून दाखवला. गोव्यातील एस. प्रसन्नकुमार आणि टी. जी. प्रसाद यांनी उत्तर अरबी समुद्राचे हिवाळ्यात गार होणे अभ्यासले. हिवाळ्यात भारत आणि पाकिस्तानच्या भूमीवरून कोरडे, थंड ईशान्य वारे समुद्रावर येतात. बाष्पीभवन वाढते, पाणी गार आणि खारट होते, दोन्हीमुळे जड होऊन खाली बसते आणि त्याची जागा घेण्यास खालचे पाणी वर येते. हे ढवळणे शंभर मीटर किंवा त्याहून खोल जाऊ शकते. वसंतात वरचा भाग पुन्हा तापला की हिवाळ्यात बनलेले खारे पाणी त्याखाली बंदिस्त होते आणि दक्षिणेकडे पसरू लागते. १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात या खाऱ्या जलराशीचा जन्म आणि प्रसार दोन्ही आले. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की, याच ढवळण्याने खालचे नायट्रेट वर येते आणि ऐन हिवाळ्यात समुद्रात वनस्पतिप्लवकांची वाढ होते. अरबी समुद्रातील माशांच्या अन्नसाखळीचा एक धागा अशा रीतीने उत्तरेच्या थंड वाऱ्याला बांधलेला आहे.

ही घडण संगणकात उतरवायची तर दोन गोष्टी लागतात. पहिली, वरच्या थराच्या ढवळण्याचे योग्य गणित. हे ढवळणे मीटरभर आकाराच्या भोवऱ्यांनी होते आणि प्रारूपाच्या पेट्या त्यापेक्षा हजारो पटींनी मोठ्या असतात, म्हणून त्याचा एकत्रित परिणाम सूत्रात बांधावा लागतो. १९९४ मध्ये विल्यम लार्ज, जेम्स मॅकविल्यम्स आणि स्कॉट डोनी यांनी सुचवलेले सूत्र पुढे अनेक प्रारूपांनी स्वीकारले. दुसरी गोष्ट अधिक अवघड, घडलेले पाणी जपण्याची. समुद्राच्या पोटात पाणी समान घनतेच्या, किंचित तिरप्या पृष्ठांवरून सहज सरकते आणि ती पृष्ठे ओलांडून मात्र फार कमी मिसळते. जुन्या प्रारूपांतील मिश्रण आडव्या जाळीच्या दिशेने चाले, त्यामुळे वेगवेगळ्या घनतेचे पाणी विनाकारण एकमेकांत कालवले जाई. इराणच्या आखातातून निघालेला खारा थर निसर्गात शेकडो किलोमीटर ओळखू येतो, तो संगणकात थोड्या अंतरावरच पातळ होऊन हरवे. पीटर जेंट आणि मॅकविल्यम्स यांनी १९९० मध्ये भोवऱ्यांचा परिणाम समान घनतेच्या पृष्ठांना धरून मांडण्याची रीत दिली. १९९४ मध्ये ती जागतिक प्रारूपात वापरली तेव्हा समुद्राच्या अंतर्भागातील पाण्याचे गुण लक्षणीयरीत्या सुधारले. वेगवान संगणकापेक्षा नेमक्या कल्पनेने साधलेली ही सुधारणा होती.

के. आर. पुरमपासून काही किलोमीटरवर, बंगळूरच्या पूर्व भागातील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या बेलूर परिसरात, १९८८ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने गणिती प्रारूपे आणि संगणकीय अनुकरण यांसाठी एक केंद्र उभारले. तेथील पी. एस. स्वाती, एम. के. शारदा आणि किरीट याज्ञिक यांनी २००० मध्ये हिंदी महासागराचे असे प्रारूप प्रसिद्ध केले, ज्यात प्रवाहांबरोबर पोषकद्रव्ये, कार्बन आणि सूक्ष्मजीवसृष्टीही होती. ब्रायन आणि कॉक्स यांच्या परंपरेतून आलेली ‘मॉम’ ही संगणकप्रणाली त्याचा आधार होती. जीवसृष्टी जोडण्याने प्रारूपाला एक नवी कसोटी मिळाली. पृष्ठभागाचे तापमान थोडेफार जुळवून आणता येते. पण ढवळण्याची खोली चुकली की नायट्रेट चुकते, नायट्रेट चुकले की प्लवकांची वाढ चुकते, आणि ती वाढ उपग्रहाला समुद्राच्या रंगात दिसते. पाणी योग्य कारणाने घडले आहे की नाही, याची साक्ष समुद्रातील हिरवळ देऊ लागली.

उपसागराचे कोडे उलगडण्यासाठी १९९९ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये ‘बॉबमेक्स’ मोहीम झाली. ‘सागरकन्या’ आणि ‘सागरध्वनी’ ही जहाजे भर पावसाळ्यात उपसागरात उभी राहिली. उत्तर उपसागरात ‘सागरकन्या’वरून मोजणी चालू असतानाच गोड्या पाण्याचा एक लोंढा येऊन पोहोचला. वरच्या थराची क्षारता घसरली आणि ढवळला जाणारा थर एकदम उथळ झाला. हलके गोडसर पाणी वर झाकणासारखे बसले आणि खाली तितकेच उबदार पण अधिक खारे पाणी राहिले. या मधल्या थराला अवरोधक थर म्हणतात, कारण वारा कितीही ढवळत असला तरी खोलवरचे गार पाणी त्याच्या अडथळ्यामुळे वर येत नाही.

गोव्यातील एस. एस. सी. शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद शेजारी शेजारी मांडला. पावसाळ्यात अरबी समुद्रावर वारा जोरात वाहतो, गार पाणी वर येते, उष्णता खाली आणि दक्षिणेकडे जाते आणि समुद्र थंडावतो. उपसागरात वारा तुलनेने मंद आणि गोड्या पाण्याचे झाकण घट्ट, म्हणून उष्णता वरच्या पातळ थरातच राहते आणि तापमान २८ अंशांच्या वर टिकते. तेथे पावसाची क्षेत्रे पुन्हा पुन्हा तयार होतात, ती उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे सरकून भारताला पाऊस देतात, आणि त्याच पावसाचे पाणी नद्यांतून पुन्हा उपसागरात येते. गाडगीळ यांच्या १९८४ च्या उंबरठ्याला आता मिठाचे स्पष्टीकरण मिळाले होते.

येथून एक नवा प्रश्न निघाला. दरवर्षी एवढे गोडे पाणी येत असेल, तर उपसागर अधिकाधिक गोडा का होत नाही? हिशेब जुळण्यासाठी मीठ कोठून तरी यायलाच हवे. विनयचंद्रन आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रारूप आणि निरीक्षणे यांच्या आधारे दाखवले होते की, उन्हाळी मोसमी प्रवाह श्रीलंकेला वळसा घालून उपसागरात शिरतो. २०१३ मध्ये विनयचंद्रन आणि सहकाऱ्यांनी जहाजावरील मोजणीतून पुढचा दुवा दिला. हा प्रवाह अरबी समुद्राकडचे खारे पाणी उपसागराच्या गोडसर पाण्याखाली नेतो आणि श्रीलंकेच्या पूर्वेला ते काही ठिकाणी वर उपसले जाते. २०१६ च्या जून-जुलैमध्ये ‘सिंधु साधना’ या गोव्याच्या जहाजावरून भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पाण्याखाली स्वतःहून फिरणारी उपकरणे सोडून या भागाची बारकाईने मोजणी केली. उत्तरेच्या थंड वाऱ्याने घडवलेल्या खाऱ्या पाण्याचा उपसागराशी असलेला संबंध असा दिसू लागला. म्हणून एका समुद्रात जलराशीची घडण चुकली, तर दुसऱ्या समुद्रातील मिठाचा हिशेबही चुकतो.

दरम्यान मोजणीचे स्वरूपच बदलले. २००२ पासून भारत ‘आर्गो’ या जागतिक योजनेत सामील झाला. या योजनेतील तरंगती उपकरणे साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता नोंदवून उपग्रहाला कळवतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात या नोंदी ‘मॉम’च्या प्रारूपात सतत मिसळल्या जातात. अंदाजाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यात जुनीच सावधगिरी लागते. प्रारूप दर काही दिवसांनी निरीक्षणांनी दुरुस्त होत असेल, तर ते स्वतः किती चुकते हे दुरुस्तीच्या आकड्यांतच शोधावे लागते.

चुका शिल्लक आहेतच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, अनेक जागतिक प्रारूपांत उत्तर अरबी समुद्र हिवाळ्यात प्रत्यक्षापेक्षा अधिक गार होतो. त्याचे मूळ समुद्रात नव्हते. त्या प्रारूपांत उत्तरेकडील जमीन फार थंड होत होती आणि तेथून येणारे वारे फार गार व जोरदार होते. हिवाळ्यातील हा गारवा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रेंगाळतो, समुद्रातून कमी बाष्प उठते आणि संगणकातील भारताचा पाऊस कमी पडतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये पुण्याच्या संस्थेने ज्या जोडप्रारूपावर काम केले, त्याचा सागरी भागही ‘मॉम’च होता, आणि भारतीय भूमीवर पाऊस कमी दाखवणे ही त्याची परिचित खोड होती. समुद्र, जमीन आणि हवा एकाच वहीत मांडली की एकीची चूक दुसरीच्या खात्यात दिसू लागते.

नद्यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला तेव्हा काय झाले, हे या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण आहे. विनयचंद्रन, जहफर आणि रवी नंजुंडय्या यांनी २०१५ मध्ये एका जागतिक जोडप्रारूपाची दोन शतकभरांची धाव घेतली. एकात जगातील सर्व नद्या समुद्राला मिळत होत्या आणि दुसऱ्यात एकही नदी मिळत नव्हती. जगातील नद्या वर्षाला सुमारे ३६ हजार घन किलोमीटर पाणी समुद्रात नेतात. ते थांबवले तेव्हा महासागरांच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने वाढले आणि भारताचा मोसमी पाऊस सुमारे १० टक्क्यांनी वाढला. प्रशांत महासागरात ला निनासारख्या गार घटना अधिक वेळा घडू लागल्या आणि त्यांचा मोसमी पावसाशी असलेला संबंध घट्ट झाला.

बंगालच्या उपसागराच्या गणितावरून कुणीही उलट अपेक्षा केली असती. नद्या नसतील तर झाकण नाही, झाकण नसेल तर उष्णता खाली जाईल आणि पाऊस कमी होईल, असा तो सरळ तर्क. पण जगातील सगळ्या नद्या एकदम थांबवल्या की इतर महासागरही बदलतात आणि त्यांचा परिणाम वातावरणाच्या वाटेने भारतावर येतो. स्थानिक तर्क चूक ठरला असे यातून निघत नाही, कारण दोन प्रयोगांत विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. अंबिका बेहेरा आणि विनयचंद्रन यांनी २०१६ मध्ये फक्त उपसागरावर पडणाऱ्या पावसाचा आणि नद्यांच्या पाण्याचा परिणाम सागरी प्रारूपात वेगवेगळा करून पाहिला, तो याच कारणासाठी.

नद्यांचे पाणी समुद्रात ‘वाया’ जाते, हे वाक्य भारतात धरणांच्या, कालव्यांच्या आणि नदीजोडच्या चर्चेत वारंवार ऐकू येते. उपसागराच्या दृष्टीने ते पाणी एका मोठ्या यंत्रणेचा चालू भाग आहे. ते अडवले तर पाऊस घटेल किंवा वाढेल, असे ठाम विधान मात्र या प्रयोगांच्या आधारे कुणालाही करता येणार नाही. जगातील सर्व नद्या बंद करणे हा विचारप्रयोग आहे आणि एका खोऱ्यातील पाणी दुसरीकडे वळवणे ही वेगळी घटना आहे. तिचे उत्तर देऊ शकणाऱ्या प्रारूपात नदीचे मुख, गोड्या पाण्याचा दहा मीटरचा पातळ थर, त्याखालचा खारा प्रवाह आणि वरचे ढग हे सर्व आपापल्या कारणांनी घडावे लागतील. क्षारता नकाशातून उतरवून घेणाऱ्या प्रारूपाला हा प्रश्न विचारताच येत नव्हता. आजच्या प्रारूपांना तो निदान विचारता येतो. त्यांचे उत्तर किती विश्वासार्ह आहे हे ठरवण्यासाठी पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात जहाजे पाठवून मीठ मोजत राहणे, हे काम गोव्याला आणि बंगळूरला अजून पुष्कळ वर्षे करावे लागणार आहे.